निळ्या खुणेपर्यंत

पहिल्यांदा वितळला तो 'वा'.
वाढदिवसातला, निळ्या क्रीमचा,
कापूरबावडीच्या सिग्नलला.
मानपाडा येईतो त्याचा काना खाली घसरला
आणि कासारवडवलीत, सतराव्या मजल्यावर,
दार उघडणाऱ्या बाईंनी
खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा खोक्याकडे.
पैसे दिले त्यांनी. पूर्ण दिले.
तेच जास्त लागलं.

तेव्हापासून एसीच्या जाळीतून येणारी हवा
म्हणजे कुणीतरी अगदी तोंडाशी येऊन
सावकाश बोलतंय, जेवून आलेलं.
मी पंखा एकवरून चारवर नेते.
तेच बोलणं, मोठ्याने.

ऐरोलीत, काचेच्या दुकानात, गॅस भरला. अठराशे.
पंधरा दिवसांनी पुन्हा भरला.
तिसऱ्यांदा तिथला पोरगा म्हणाला,
काँप्रेसर गेलाय मॅडम, बावीस हजार.
बॉनेट त्याने उघडलंच नव्हतं.
अर्ध्या किलोमागे मला दीडशे सुटतात.
एकशे सत्तेचाळीस केक, मी मनात मोजले,
सगळे न वितळता पोचले तर.

मग रबाळे. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला
रबराच्या कारखान्याच्या भिंतीला टेकलेली
हसुराम भोईरांची पत्र्याची शेड.
त्यांनी गेज काढलाच नाही आधी.
गाडी चालू ठेवायला लावून
जमिनीवर पालथे पडले, खालून पाहिलं.
"पानी गलतंय."
माझ्या पोटात गोळा.
"चांगलाय ना, ताय. गारवा नसता
तं पानी आला असता कुठनं?"

मग निळा काटा, लाल काटा,
दोघेही आपापल्या घरी.
क्लच टक् करून बसला, उठला, बसला.
त्यांनी एका नळीवर माझा हात धरून ठेवला:
घामेजलेली, माठाच्या पोटासारखी.
म्हणजे थंडी होत होती.
रोज होत होती, माझ्यापासून दोन हातांवर,
मी ओल्या रुमालाने खोका पुसत होते तेव्हाही.

हीटरची नळी त्यांनी चिमट्यात दाबली.
दोन-तीन मिनिटं. शेडमध्ये कुणीतरी चाकाला हवा भरत होतं.
आणि जाळीतून गार.
चिमटा सोडला, गरम.
पुन्हा दाबला, केवळ मला दाखवायला.
"दोन्ही येतान, गार बी नि गरम बी.
मधली फली उघडी रायलीय.
ते बटन फिरव बघू."

फिरवलं. लाल, निळं, लाल.
कुठे काही अडलं नाही.
मला वाटायचं, गाडी जुनी असून
बटण किती हलकं चालतं.

डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून,
पाय बाहेर रस्त्यावर, टॉर्च दातांत,
त्यांनी निखळलेली केबल शोधली.
एवढीशी प्लास्टिकची चिमटी, अर्धी तुटलेली.
ती मीच तोडली असणार. जानेवारीत,
पहाटे, कसारा घाटात,
मागे सासूबाईंचे पाय गारठले म्हणून
बटण रेटलं होतं लालकडे,
शेवटपर्यंत, आणि थोडं पुढेही.
काहीतरी कट् वाजलं होतं.
त्या म्हणाल्या, आता बरं वाटतंय.
मीही मग ऐकलं नाही, ऐकलेलं.

पितळी तारेचा वेढा, वरून जुनी क्लिप.
"तीनशे. अन् त्या गॅसवाल्याला
माझा नमस्कार सांग."
मी कडेचे तुकडे ठेवलेला डबा पुढे केला.
"अंडं हाय?"
आहे.
"आज सोमवार." त्यांनी डबा घेतला,
झाकण घट्ट लावून
कूलंटच्या कॅनशेजारी, उंचावर ठेवला,
उद्यासाठी.

कळव्याच्या पुलापर्यंत
माझ्या दंडावर काटा आला होता.
बटण एक खूण मागे घ्यायचं म्हणून हात गेला.
आता ते जड लागत होतं.
मागच्या सीटवर, खोक्यात,
'वा' काना सांभाळून होता.
घोडबंदरला ट्रक उभे होते, लांबपर्यंत.
उभे राहू देत, म्हटलं.